रिकाम्या हाताची सुट्टी

बसवंतनं आयुष्यातली पहिली विडी घेतली ती बायकोच्या हातून. पुढं दहा-अकरा वर्षं तो ही गोष्ट भेटेल त्याला सांगत आला, आणि शिवकांता जवळपास असली तर जरा आवाज चढवूनच.

“लोकांच्या बायका म्हनतेत, सोडा,” विडीचं टोक दातांनी चपटं करत तो म्हणायचा. “माझी म्हनली, ओढा. आता मी बायकोच्या शब्दाबाहेर कसं जावं, तुम्हीच सांगा.”

ऐकणारे हसायचे. शिवकांता भाकरी थापत असली तर एखादी थाप जोरात पडायची, एवढंच. उलट बोलायची नाही, कारण ते खोटं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. अहमदपूरच्या अलीकडं धानोऱ्याच्या माळावर सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं आणि सगळा गाव त्या माळावर येऊन पडला होता. ज्यांच्या ओसरीवर पाच माणसं जेवायची तेही आणि ज्यांच्या घरी चूल एक वेळ पेटायची तेही. बाप्ये पहारीनं दगड उपसायचे, घणानं फोडायचे. बाया खडी टोपल्यात भरून रस्त्यावर नेऊन टाकायच्या. सावलीला एक बाभूळ होती, तिच्याखाली छत्री उघडून मुकादम शेषेराव उभा. गडी तसा वाईट नव्हता, पण त्याला एक खोड होती. रिकामा हात त्याच्या डोळ्यात खुपायचा.

“ए, हात कामून थांबला?” हे वाक्य दिवसभर माळावर घुमत असायचं.

पण विडी पेटली की हाच शेषेराव तोंड फिरवून दुसरीकडं बघायचा. पेटलेली विडी विझेपर्यंत बाप्यानं खुशाल बसावं. हा नियम कुणी घालून दिला नव्हता, तरी तो नेमानं पाळला जायचा. शेषेराव जवळ आलाच तर बसलेला माणूस विडी वर करून दाखवायचा आणि म्हणायचा, “विडी चालू हाय, मुकादम.” की शेषेराव पुढं.

बसवंत विडी ओढत नव्हता. म्हणून बसतही नव्हता.

त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. घण उचलता उचलता तो दोनदा अर्ध्यावर थांबलेला शिवकांतानं पाहिला. तिसऱ्यांदा तो खाली बसला, डोकं गुडघ्यात घालून.

“बसवंत, हात कामून थांबला?”

तो उठला. शेजारीच त्याचा दोस्त शिवमूर्ती दगडाला टेकून, पाय पसरून धूर सोडत होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

शिवकांतानं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. ती उदगीरकडची. माहेरी घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. लग्न होऊन आली तेव्हा गावातल्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या. मग हळूहळू लक्षात आलं की ही बोलते कमी आणि उठते लवकर. एखादी गोष्ट हद्दीबाहेर गेली की एकच शब्द तोंडातून काढायची, “साकु.” साकु म्हणजे पुरे. त्यानंतर जे व्हायचं ते बोलून व्हायचं नाही.

“साकु,” ती पुटपुटली आणि सरळ शिवमूर्तीपुढं जाऊन उभी राहिली. “भाऊजी, एक विडी द्या. पेटवून द्या.”

“कुनाला?”

“द्या तर.”

शिवमूर्तीनं दिली. पेटलेली विडी दोन बोटांत धरून, पदर डोक्यावर नीट घेतलेली एक बाई भर दुपारी माळ ओलांडत चालली. घण थांबले. शेषेरावची छत्री कलली. शिवकांता नवऱ्याजवळ गेली आणि विडी त्याच्या हातात खोचली.

“बसा आता.”

“आगं, मी ओढत न्हाई.”

“कुनी म्हनलं ओढा? निस्ती धरा. धूर दिसला म्हंजी झालं.”

बसवंत बसला. शेषेरावनं पाहिलं, तोंड फिरवलं. ती टोपलं उचलून चालती झाली.

युक्ती झकास होती, पण तिच्यात एक खोट होती. शिवकांतानं विडी कधी ओढली नसल्यानं तिला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. विडी नुसती धरून ठेवली तर जळत नाही. ओढली नाही की विझते. आणि विझली की उठायचं. बसवंतनं टोकावरची लाली मावळताना पाहिली, शेषेरावकडं पाहिलं, आणि विडी ओठांना लावली.

पुढच्या साली पाऊस झाला. माळावर गवत आलं, रस्त्यावरून एस्टी धावायला लागली, ताप तर कधीच उतरला होता. विडी तेवढी राहिली.

*

खडी फोडता फोडता बसवंतची दगडाशी गाठ पडली होती. दुष्काळ सरल्यावर तो दगड घडवायला शिकला, मग विटा लावायला, मग गिलावा करायला. जमीन होती ती कोरडवाहू, भावाच्या हवाली केली. आणि ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं आता लातूरला यायला लागली. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना इमारती हव्या, साहेबांना बंगले हवे, कारकुनांना क्वार्टरा हव्या. गवंड्याला दम खायला फुरसत नव्हती. शिवकांता आणि बसवंत लातुरात येऊन एका पत्र्याच्या खोलीत राहायला लागले. सरकारी क्वार्टरांचं काम मिळालं. तो बांबूच्या परांचीवर गिलावा करायला, ती खाली सिमेंट-वाळूचा माल कालवायला. आणि त्याच कामावर गुत्तेदाराचा मुकादम म्हणून कोण भेटावं? छत्री घेतलेला शेषेराव.

“अरे बसवंता,” शेषेराव म्हणाला होता, “अजून तीच बायको का?”

“तीच. आन् तिनंच लावलेली विडी.”

तोवर विडीचं पार बंडल झालं होतं. सकाळी उठून खोकला, खोकला थांबावा म्हणून विडी, विडीनं परत खोकला. शिवकांतानं उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. एकदा त्याला सकाळच्या पूजेला बसवलं, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायला लावलं आणि शपथ घातली. बसवंत भाविक माणूस, शपथ त्यानं मनापासून घेतली. चार दिवसांनी शिवकांताला तो क्वार्टरच्या मागं विडी ओढताना सापडला. गळ्यातला लिंगाचा करंडा त्यानं दोऱ्यासकट पाठीवर टाकला होता.

“हे काय करायलात?”

“देवाला धूर लागू न्हाई म्हनून.”

“देवाला मागं डोळे न्हाईत का?”

 त्यानं शेवटचे दोन झुरके जरा घाईनं घेतले.

कामावरच्या म्हाताऱ्या गौरम्मानं तोडगा सांगितला: अहमदपूरच्या बाजारात एक वैदू बसतो, त्याची पूड तंबाखूला लावली की विडी जहर लागते. पूड आणली, बंडलाला गुपचूप चोळली. बसवंत दोन दिवस तीच विडी ओढत राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “आवंदा माल लई कडक आलाय. बरा हाय.” मग कुणीतरी म्हणालं, विडीऐवजी तंबाखू-चुना खाऊ द्या, आपोआप सुटते. त्यानं विडी सुटली नाही, तंबाखू मात्र जडली. ती सोडवायला आणखी एक पावसाळा गेला. शेवटी शिवकांता बंडलं लपवायला लागली. एकदा पिठाच्या डब्यात लपवलं आणि दोन दिवस घरातल्या भाकरीला तंबाखूचा वास येत राहिला. बसवंत मिटक्या मारत जेवला.

हे सगळं हसण्यावारी चालू होतं, ते त्या सकाळपर्यंत.

दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा चालला होता. बसवंत परांचीवर, खाली शिवकांता घमेलं भरत होती. वर खोकल्याची उबळ आली. नेहमीसारखी आली, पण नेहमीसारखी थांबली नाही. आधी थापी खाली पडली, शिवकांताच्या पायापासून हातभर अंतरावर. तिनं मान वर केली तर नवरा बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारून लोंबल्यासारखा उभा, तोंड निळंसावळं, पाय फळीच्या काठावर. शिवमूर्ती शेजारच्या फळीवर होता. तोही धानोऱ्याहून याच कामाला आलेला. त्यानं पाठीमागून कमरेला हात घालून धरलं म्हणून निभावलं.

खाली उतरवल्यावर बसवंत भिंतीला टेकून बसला. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती. बसल्या बसल्या त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला.

शिवकांता ते पाहत होती.  तिनं थापी उचलली, धुतली, घमेल्यात ठेवली आणि म्हणाली, “उठा. दवाखान्यात जायाचं.”

*

सरकारी दवाखान्यातले मल्लिकार्जुन डॉक्टर नव्यानंच आलेले, वयानं लहान, बोलायला सावकाश. त्यांनी छाती पुढून तपासली, पाठीमागून तपासली, फुंकर मारायला लावली.

“विडी किती वर्षं?”

“ह्या बाईला इचारा,” बसवंत म्हणाला. “तिनंच...”

“मी तुम्हाला विचारतोय.”

बसवंतनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. “अजून वेळ गेली नाही. पण विडी अशीच चालली तर परांची सोडा, घराचा उंबरा ओलांडताना बसावं लागेल. औषध मी देतो, खोकला कमी होईल. छाती मात्र विडी सुटल्याशिवाय सुधारायची नाही.”

“सोडाया गेलो की जीव कासावीस होतो, डॉक्टरसाहेब.”

“होणार. पहिले काही दिवस लई वाईट जातात. डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप येणार नाही. पण तलफ ही लाटेसारखी असते. चढते, आणि तुम्ही काही केलं नाही तरी उतरते. तेवढा वेळ पाणी प्यायचं, तोंडात काहीतरी धरायचं. थोडी थोडी कमी करतो म्हणू नका, एक दिवस ठरवा आणि चार माणसांत सांगून टाका. आणि चुकून ओढलीच, तर सगळं बुडालं म्हणून बंडल घेऊ नका. तिथून परत सुरू करा.” मग त्यांनी एक प्रश्न विचारला. “दिवसातली कुठली विडी सोडणं सगळ्यात अवघड आहे?”

बसवंतनं विचार केला. सकाळची म्हणेल असं शिवकांताला वाटलं होतं.

“कामावरची. दुपारच्या आधीची एक आन् उन्हं कलायच्या वक्ताची एक.”

“का?”

“तेवढंच बसाया भेटतंय.”

शिवकांतानं मान वर केली. तिला एकदम धानोऱ्याचा माळ दिसला, आणि शेषेरावची कललेली छत्री.

“मग निम्मं औषध माझ्याकडं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“न्हाई,” शिवकांता म्हणाली. “ते मुकादमाकडं हाय.”

*

दिवस ठरला सोमवार. बसवंतनं सगळ्यांच्या देखत बंडल मालाच्या पाण्यात बुडवलं. शिवमूर्तीनं “अरारा” केलं. दुपारच्या आधी बाप्ये भिंतीच्या सावलीला बसले, धूर निघाले. बसवंतही खाली उतरून बसला, हात मांडीवर ठेवून.

छत्री जवळ आली. “बसवंत, हात कामून थांबला?”

“दम घ्यायलोय.”

“विडी कुठाय?”

“सोडली.”

शेषेरावला हे नवीन होतं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “मग ऊठ.”

बसवंत उठला. दोन घमेली माल भिंतीला लावला. मग शिवमूर्तीजवळ जाऊन त्यानं हात पुढं केला, आणि शिवमूर्तीनं विडी दिली. खाली मालात फावडं मारणाऱ्या शिवकांतानं हे सगळं पाहिलं.

“साकु,” ती म्हणाली. गौरम्मानं ऐकलं आणि तिच्याकडं वळून पाहिलं. गौरम्माही उदगीरचीच होती.

दुसऱ्या दिवशी सावलीला बाप्ये बसले, धूर निघाले, आणि शिवकांता फावडं टेकवून त्यांच्यात येऊन बसली. पाय पसरून. कानामागून एक विडी काढून तिनं दोन बोटांत धरली. न पेटवलेली. तिच्या शेजारी गौरम्मा येऊन टेकली, तिच्याही हातात विडी. मग बाकीच्या बाया. सगळ्या एका ओळीत, विडी धरलेला हात गुडघ्यावर. शिवमूर्तीला कळलं की सकाळपासून त्याचं बंडल का सापडत नव्हतं.

शेषेराव आला आणि थबकला.

“हे काय?”

“विडी चालू हाय, मुकादम,” गौरम्मा म्हणाली.

बाप्ये हसायला लागले. शेषेरावनं त्यांच्याकडं पाहिलं, ते गप्प झाले.

“बाईमाणसानं विडी ओढावी का, गौरम्मा? ह्या वयात?”

“ओढायलोय कुठं? धरून बसलोय. तुमच्या माळावर एकानं अशीच धरली होती.”

“शिवकांताबाई, हे तुमचं काम हाय. उठा. माल वाळायलाय.”

“वाळतो हाय खरा,” शिवकांता शांतपणे म्हणाली. “सिमिट थांबत न्हाई. म्हनून लवकर सांगा. विडीवाल्याला बसायची सुट्टी हाय का न्हाई?”

“हाय.”

“मग आमाला बी विड्या शिकवा. काडीपेटी द्या, आत्ता पेटवते. आन् न्हाई तर रिकाम्या हाताला सुट्टी द्या.”

“रिकाम्या हाताला सुट्टी म्हंजी? रिकामा हात म्हंजी कामचोर.”

“मुकादम,” शिवकांता म्हणाली, आणि हातातली विडी तिनं जमिनीवर ठेवली, “म्या माझ्या हातानं ह्यांच्या हातात विडी दिली. तुमच्या भ्यावानं. ताप होता, बसायचं होतं, दुसरी वाट नव्हती. आता छातीत शिट्टी वाजती. परवा वरून पडत होते, तुम्ही बघितलं. ह्यांना बसाया विडी लागू नये, एवढंच मागते. जास्तीचं काही न्हाई. बाप्ये जेवढा वेळ बसतेत तेवढाच वेळ सगळे बसू. मग उठू.”

कुणी हसलं नाही. कालवलेल्या मालावर साय धरायला लागली होती. शेषेरावनं छत्री मिटली. छत्री मिटलेला शेषेराव त्या कामावर कुणी पाहिला नव्हता. छत्रीविना तो जरा म्हातारा दिसला.

“गुत्तेदाराला काय सांगू?”

“सांगा, बायका विड्या ओढाया लागल्यात.”

“हसंल मला.”

“मग सांगा, सगळ्यांनीच सोडल्या.”

शेषेरावच्या मिशीत काहीतरी हललं. “बसा,” तो म्हणाला. “पन बाप्यांच्या विड्या विझल्या की सगळे उठायचं.” दोन पावलं गेला आणि वळला. “आन् शिवमूर्तीचं बंडल देऊन टाका. त्याचं तोंड बघवना.”

*

गोष्ट इथं संपली असती तर शिवकांताला फार सोपं गेलं असतं. बसायला मिळालं म्हणून तलफ जात नाही. पहिल्या आठवड्यात बसवंतचं डोकं ठणकायचं, घास कडू लागायचा, खालून घमेलं उशिरा आलं तरी तो ओरडायचा. सुट्टीत सावलीला बसला की त्याचे हात वेड्यासारखे व्हायचे. खिशाकडं जायचे, कानामागं जायचे, जमिनीवरच्या काड्या मोडायचे.

शिवकांतानं चिंचोके भाजले. दुष्काळात भाजून खाल्लेले तेच चिंचोके. टरफल काढून, मिठाच्या पाण्यात टाकून, परत वाळवून. दगडासारखा चिंचोका गालात धरला की सावकाश, फार सावकाश मऊ होतो. चावायची घाई केली तर दातच जाईल. ज्या खिशात बंडल असायचं त्या खिशात तिनं मूठभर चिंचोके टाकले.

“माकड केलंस माझं,” तो गाल फुगवून म्हणायचा.

“माकड झाडावर न थांबता चढतं. तुम्ही चढता का?”

एका दुपारी मात्र त्याचा तोल गेला. सगळे बसले होते. शिवमूर्तीच्या विडीचा धूर नेमका ह्याच्या तोंडावर येत होता. शिवकांता पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“नको मला पानी,” बसवंत म्हणाला.  “चिंचोका नको, पानी नको. विडी पाहिजे. आन् तू कशाला सांगतीस मला? तूच लावलीस. सगळ्या माळादेखत तूच लावलीस.”

हे वाक्य तो इतकी वर्षं हसत म्हणत आला होता. आज हसला नाही. सावलीतली माणसं दुसरीकडं बघायला लागली.

शिवकांतानं तांब्या खाली ठेवला.

“हाव,” ती म्हणाली. “म्याच लावली. तवा तुम्हाला बसवायचं होतं. आता बी बसवायचंच हाय. पेटव म्हनलात तर आत्ता पेटवून देते. पन मग म्या कुठं जाऊ, ते सांगा.”

बसवंतनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या केसांत सिमेंट होतं, पापण्यांवरही.  त्यानं तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायला. तांब्या खाली ठेवेपर्यंत लाट चढून उतरली होती, डॉक्टर म्हणाले होते तशी. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. त्यानंतर तो “तिनंच लावली” असं कुणाला कधी म्हणाला नाही.

एकदा चुकला. अहमदपूरला पुतणीच्या लग्नाला गेला, एस्टी स्टँडवर शिवमूर्तीनं सवयीनं पुढं केली, ह्यानं सवयीनं घेतली. निम्मी ओढून झाल्यावर ध्यानात आलं. टाकून दिली, पण लग्नात जेवण गोड लागलं नाही. घरी येऊन दारातच उभा राहिला.

“ओढली,” म्हणाला. “निम्मी.”

रडेल किंवा बोलेल, असं त्याला वाटलं. ती डब्यातले चिंचोके काढायला गेली.

“उद्यापासून परत धरतो.”

“उद्या कशाला?” तिनं त्याच्या तळहातावर चिंचोके ठेवले. “आत्ता उंबऱ्याच्या बाहेरच हाय ना तुम्ही? आत आला की सुरू.”

तो आत आला.

*

हिवाळा आला, गेला. खोकला आधी रात्रीचा थांबला, मग सकाळचा. शिट्टी बारीक होत होत एक दिवस शोधूनही सापडेना. मल्लिकार्जुन डॉक्टरांनी छाती ऐकली, परत ऐकली आणि म्हणाले, “निम्मं औषध कुणी दिलं ते कळवा, मलाही लागेल.” बसवंतनं बायकोकडं बोट केलं. ह्या वेळी आवाज न चढवता.

कामावर आणखी तिघांनी विडी सोडली. शिवमूर्तीनं नाही सोडली, पण त्याची निम्म्यावर आली. बसायला ती लागत नाही म्हटल्यावर ओढायची आठवण राहत नाही, असं तो तक्रारीच्या सुरात सांगायचा. एक दिवस शेषेराव छत्री घेऊन बसवंतजवळ आला, इकडंतिकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

“ते तुझं... हे असतंय का खिशात?”

बसवंतनं दोन चिंचोके दिले. शेषेराव ते गालात धरून निघून गेला.

त्या दिवशी इमारतीचा शेवटचा गिलावा चालला होता. बसवंत घमेलं घेऊन खालपासून वरपर्यंत एकाच दमात चढला होता, आणि ते कुणी पाहिलं नाही म्हणून उतरून परत चढला होता. सुट्टीला तो सावलीत येऊन बसला, हात मांडीवर ठेवून. आताशा हातांना रिकामं राहायची सवय झाली होती. सगळे बसले होते. गौरम्मा तर आडवीच झाली होती.

आणि शिवकांता उभी होती. पिंप विसळत होती. मग फावडं धुतलं. मग कुणाला तरी पाणी दिलं. बसवंत पाहत राहिला, आणि त्याच्या मनात आलं, ही सुट्टी हिनं मिळवली आणि आजवर ही एकदाही बसलेली आपण पाहिली नाही. बसली होती ती एकदाच, हातात न पेटवलेली विडी धरून, भांडायला. माळावर तर नाहीच. तिथं बायांना कुठली सुट्टी? ह्याला बसवून ती टोपलं उचलून चालती झाली होती, आणि त्यानं कधी मागं वळून विचार केला नव्हता की ती कुठं गेली.

“शिवकांता, हिकडं ये. बस.”

“बसते की. एवढं घमेलं धुते आन्...”

“साकु,” बसवंत म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. तिचा शब्द तिला आजवर कुणी ऐकवला नव्हता. गौरम्मा पडल्या पडल्या हसायला लागली. शिवकांतानं घमेलं उपडं ठेवलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. पाय पसरले. त्यानं खिशातून एक चिंचोका काढून तिच्या हातावर ठेवला, तिनं तो गालात धरला आणि डोळे मिटून घेतले.

शिवमूर्तीची विडी विझली. माणसं उठायला लागली, कपडे झटकायला लागली. बसवंतही उठायला गेला, पण खांद्यावर तिचं डोकं टेकलेलं, म्हणून तसाच राहिला. छत्री जवळ आली.

“शिवकांताबाई, उठताय नव्हं?”

शिवकांतानं एक डोळा उघडला. गालातला चिंचोका ह्या बाजूचा त्या बाजूला केला.

“चिंचोका चालू हाय, मुकादम.”

शेषेरावनं ऐकलं. मग माळावर फिरवायचा तसं तोंड फिरवलं, आणि दुसरीकडं बघत पुढं गेला.